ज्याची गोष्ट आहे, तो समोर बसलाय

(जामखेड येथे एका स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची मुद्रित प्रत)



संयोजकांनी विषय कळवला, 'कामकाजाच्या सादरीकरणात गोष्टीचं आणि आपलेपणाचं स्थान'. पत्र वाचून मला आधी हसू आलं. हा विषय सांगायला बाहेरच्या माणसानं जामखेडला यायचं, म्हणजे उलटी गंगाच. कारण या विषयातलं मला ठाऊक असलेलं सर्वांत चांगलं उदाहरण याच तालुक्यातलं आहे. तेव्हा आज मी तुमचंच तुम्हाला परत सांगणार आहे. फरक एवढाच, की मी ते माझ्या धंद्याच्या नजरेनं पाहतो. बँकेतले अधिकारी, कृषी सहायक, इंजिनिअर, डॉक्टर यांना चार लोकांपुढे उभं राहून आपलं काम कसं मांडावं, हे शिकवण्यावर माझं पोट चालतं.

सरळ १९८८ सालात जाऊ. ठिकाण वॉशिंग्टन. आंतरराष्ट्रीय आरोग्याच्या क्षेत्रात काम करणाऱ्या संस्थांची परिषद भरलेली. सभागृहात डॉक्टर, प्राध्यापक, निधी देणाऱ्या संस्थांचे लोक. छताला झगमगणारी झुंबरं. बोलायला उभ्या राहिल्या मुक्ताबाई पोळ, जामखेडच्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पातल्या गावपातळीवरच्या आरोग्य सेविका. त्यांनी आधी त्या झुंबरांकडे बोट दाखवलं. किती सुंदर आहेत, म्हणाल्या, पण हे सौंदर्य पाहायला हजारो मैल यावं लागतं. डॉक्टर मंडळी या झुंबरांसारखी आहेत, देखणी आणि महागडी, सहजी हाती न लागणारी. मग त्यांनी जवळच्या पिशवीतून दोन साधे दिवे काढले. एक पेटवला. हा स्वस्त आहे, साधा आहे, पण झुंबराला जमत नाही ते याला जमतं, असं सांगून त्यांनी पहिल्या दिव्यावर दुसरा लावला. मी या दिव्यासारखी आहे, माझ्यासारख्या बायका एकीवरून दुसरी अशा पेटत गेल्या तर उजेड पृथ्वीभर फिरेल, आणि तुम्ही ज्याला 'सर्वांसाठी आरोग्य' म्हणता ते हेच, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. सभागृह उठून उभं राहिलं.

हा प्रसंग तुमच्यापैकी अनेकांनी ऐकला असेल. प्रकल्प उभा करणाऱ्या डॉ. मेबल आणि डॉ. रजनीकांत आरोळे यांनी १९९४ साली जामखेडच्या कामावर जे पुस्तक लिहिलं, त्यामुळे तो जगभर गेला. पण तो बहुतेक वेळा भाबडेपणानं सांगितला जातो. बघा, खेड्यातली बाई साता समुद्रापार जाऊन कशी बोलली! या कौतुकात त्यांच्या कौशल्याचा अपमान होतो, असं मला वाटतं. त्या कशा बोलल्या हे आपण कारागिराच्या कारागिरीकडे पाहावं तसं पाहू.

पहिली गोष्ट, दिवे त्यांच्या पिशवीतले होते आणि झुंबरं त्या सभागृहातली होती. म्हणजे अर्धं भाषण सोबत आणलेलं आणि अर्धं जागेवर सापडलेलं. आपल्याकडे वक्ता पूर्ण भाषण घरून आणतो, आणि ते कुठल्याही गावात, कुठल्याही हॉलमध्ये तसंच्या तसं लागू पडतं. लागू पडतं म्हणूनच ते कुणालाच लागत नाही. मुक्ताबाईंनी श्रोत्यांच्या डोक्यावर लटकणारी वस्तू उचलून विषयात आणली. आता त्या हॉलमधल्या कुणालाही वर पाहिल्याशिवाय राहवणार नव्हतं.

दुसरी गोष्ट, दिवे दोन होते. एकच दिवा आणला असता तर भाषण गरिबीवर झालं असतं, आमच्याकडे झुंबर नाही, हा एवढुसा दिवाच आहे, असं. श्रोत्यांनी हळहळून टाळ्या वाजवल्या असत्या, कदाचित देणग्याही दिल्या असत्या. दुसऱ्या दिव्यानं विषय गरिबीवरून कामाच्या पद्धतीवर आणला. एका सेविकेनं दुसरीला शिकवायचं आणि डॉक्टरच्या दारात न जाता आरोग्य घराघरात न्यायचं, हे जामखेडचं तंत्र त्यांनी कृतीतून मांडलं. ते दिवे सजावटीसाठी नव्हते, तो पुरावा होता.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते आणि ती सहसा कुणी सांगत नाही. या भाषणाचा जो भाग आपल्यापर्यंत आलाय, त्यात मुक्ताबाई स्वतःच्या दुःखाबद्दल एक अक्षर बोलत नाहीत. घरचे हाल, उपासमार, सोसलेलं काही नाही. 'मी' हा शब्द येतो तो फक्त कामाच्या संदर्भात: मी हे करते आणि माझ्यासारख्या आणखी होऊ शकतात. आजकाल आपलेपणा साधायचा म्हणजे व्यासपीठावर आपलं खासगी आयुष्य उघडं करायचं, असा समज पसरलाय. विम्याच्या पॉलिसीची माहिती द्यायला आलेला माणूस आधी वडिलांचं आजारपण सांगतो. श्रोता बिचारा अवघडतो, कारण आता पॉलिसी नको म्हणणं म्हणजे त्या वडिलांचा अपमान. याला मी आपलेपणा म्हणत नाही, हा दबाव झाला. कामाच्या सभेत श्रोत्याला तुमच्याविषयी एवढंच कळायला हवं, की जे तुम्ही सांगताय त्यात तुम्ही स्वतः कुठे उभे आहात.



आता प्रश्न असा, की मुक्ताबाईंचं हे बोलणं आलं कुठून? उत्स्फूर्त सुचलं, असं म्हणून भागत नाही. उत्स्फूर्त सुचायलाही बरीच तालीम पाठीशी लागते. ती तालीम कुठे झाली हे जामखेडकरांना सांगायला नको, पण माझ्या धंद्यातल्या लोकांना ते माहीत नसतं म्हणून सांगतो. आरोळे दांपत्यानं १९७० साली इथं काम सुरू केलं, तेव्हा त्यांचा बेत गावोगावी शिकलेल्या नर्स ठेवण्याचा होता. तो फसला. नर्स बाहेरची, वयानं लहान, गावात एकटी राहायला बिचकणारी, आणि गावही तिच्याकडे परकी म्हणूनच पाहणारं. मग ठरलं, की गावानं आपल्यातलीच एक बाई निवडून द्यावी. अशा ज्या बायका आल्या, त्यातल्या बहुतेकींनी शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं. अनेकजणी दलित समाजातल्या होत्या. दर आठवड्याला त्या जामखेडला यायच्या, मुक्काम करायच्या, वेगवेगळ्या जातींच्या बायका एकाच मोठ्या पांघरुणाखाली झोपायच्या. अगदी सुरुवातीच्या धड्यांपैकी एक होता चारचौघांत स्वतःचं नाव मोठ्यानं सांगण्याचा. अमक्याची बायको, तमक्याची सून ही ओळख बाजूला ठेवून स्वतःचं नाव. बोलण्याच्या माझ्या कुठल्याही वर्गाची सुरुवात इतकी अचूक जागी झालेली नाही, हे मी मोकळेपणानं सांगतो.

त्या वर्गाची बसण्याची रीत गोलाकार होती. फळ्यासमोर रांगा नाहीत, व्यासपीठ नाही. बाई आठवड्यात जे शिकली ते गावात जाऊन सांगायची आणि पुढच्या आठवड्यात परत येऊन गावानं काय उत्तर दिलं ते गोलात मांडायची. कुणी ऐकलं, कुणी हसण्यावारी नेलं, सासूनं दारातूनच परत पाठवलं की कसं, सगळं. मग बाकीच्या बायका सुचवायच्या, असं सांगून बघ. म्हणजे प्रत्येक संदेश दर आठवड्याला गावाच्या हातून तपासला जायचा. जगातल्या कुठल्या मोठ्या कंपनीला आपल्या सादरीकरणाची इतकी कडक चाचणी परवडेल, मला शंका आहे.

आणि श्रोते कसले? गावातला श्रोता वक्त्याला जन्मापासून ओळखतो. पोराला लस टोचून घे, असं सांगायला गेलं तर पहिला प्रश्न यायचा, तुझ्या नातवाला टोचली का? पोटुशी बाईनं पोटभर जेवावं, असं सांगितलं तर विचारणार, तुझ्या सुनेला वाढलंस का? पोटुशीनं कमी खाल्लं की बाळ लहान राहतं नि बाळंतपण सोपं जातं, हा समज तेव्हा घराघरात होता. तिथं गोष्ट रंगवून सांगायची सोयच नव्हती. ज्या घराची गोष्ट, ते घर चार दारं सोडून, आणि त्या घरातली बाई बहुधा समोरच पायरीवर बसलेली.

आजच्या व्याख्यानात मला मांडायचं आहे ते एवढंच. गोष्ट खरी ठेवणारी शक्ती वक्त्याच्या चांगुलपणात नसते. ज्याची गोष्ट आहे तो ऐकत असतो, तो उठून 'असं नव्हतं' म्हणू शकतो, यात ती असते. मुक्ताबाई वॉशिंग्टनमध्ये भारदस्त वाटल्या, कारण त्याआधी कितीतरी वर्षं त्यांचं बोलणं असल्या श्रोत्यांपुढे घासून निघालेलं होतं. तुलनेनं वॉशिंग्टनचा हॉल सोपा.

आता एक तांत्रिक उदाहरण घेतो, कारण आपलेपणा म्हणजे मोघमपणा असा एक गैरसमज आहे. हगवण लागलेल्या मुलाला घरच्या घरी द्यायची जलसंजीवनी. प्रमाण ठरलेलं आहे: एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. कागदावर हे सोपं दिसतं. पण घरात लिटरचं माप नाही, चमचे तीन तऱ्हेचे, आणि रात्री दोन वाजता आईची तारांबळ उडालेली. साखर थोडी इकडेतिकडे झाली तर भागतं, मीठ जास्त झालं तर मूल दगावू शकतं. म्हणून आरोग्य शिक्षणात जगभर एक कसोटी सांगितली जाते: पाणी आधी स्वतः चाखून पाहा, ते अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये. हे वाक्य ऐकलं की मी थांबतोच. यात आकडा नाही आणि तरीही ते अचूक आहे. प्रयोगशाळेची कसोटी आईच्या जिभेवर आणून ठेवली आहे. आणि अश्रूंची चव ठाऊक नाही, अशी आई कुठे असते? सांगणाऱ्यानं भावनेला हात घातला तो विज्ञान बाजूला ठेवून घातलेला नाही. भावनेतूनच मिठाचं माप निघालं.

दुसरं उदाहरण चिकाचं. बाळंतिणीचं पहिलं पिवळसर दूध घाण समजून पिळून टाकून देण्याची रीत आपल्याकडे होती, काही घरांत अजून आहे. डॉक्टर सांगणार, त्यात रोगप्रतिकारक घटक असतात, जन्मल्यापासून तासाभरात बाळाला पाजावं. बरोबरच आहे. पण ज्या घरात गोठा आहे तिथं समजूतदार बाई उलटा प्रश्न विचारेल: गाय व्याली की वासराला पहिल्यांदा काय पाजता? नाही पाजलं तर वासरू तगतं का? यात तिनं नवीन काहीच सांगितलेलं नाही. समोरच्याला जे ठाऊक आहे ते जागं केलं आणि उत्तर त्याच्याच तोंडून काढलं. मराठी मुलखात ही रीत गाडगेबाबांच्या कीर्तनानं घरोघरी पोचवलेली आहे. बाबा प्रश्न विचारायचे आणि लोक एका आवाजात उत्तर द्यायचे. देव कुठे भेटतो, कर्ज काढून सण का करता, पोरगं शाळेत घातलं का? उत्तर देता देता माणूस स्वतःच्याच उत्तरात अडकायचा.

गाडगेबाबांचं आणखी एक आहे. दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडायचं, रात्री कीर्तनाला उभं राहायचं. म्हणजे कीर्तन सुरू होण्याआधीच त्यांचं निम्मं बोलून झालेलं असे. स्वच्छतेवर पन्नास स्लाइड दाखवणाऱ्या माझ्या एका विद्यार्थ्याला मी विचारलं होतं, ज्या गावात हे दाखवणार तिथं आदल्या दिवशी जाऊन आलास का? तो म्हणाला, गाडी नव्हती.

कीर्तनाचा विषय निघालाच आहे तर एक तक्रार नोंदवतो. आमच्या धंद्यातले शिक्षक हल्ली सरसकट सांगतात, सुरुवात गोष्टीनं करा. नारदीय कीर्तनाची परंपरा याच्या उलट चालते. आधी पूर्वरंगात तत्त्वाचं निरूपण, मग उत्तररंगात आख्यान. हा क्रम उगाच आलेला नाही. मुद्दा आधी मांडला, की आख्यानाला त्या मुद्द्याच्या कह्यात राहावं लागतं. आधीच गोष्ट सांगितली तर लोक गोष्टीत रमतात आणि तुमचा मुद्दा गोष्टीला चिकटवलेलं शेपूट होतो. मुक्ताबाईंनीही आधी झुंबर दाखवून प्रश्न मांडला, डॉक्टर महाग आणि दूर आहेत हा. दिवा त्यानंतर पेटला.

इथे एक आडवळण घेऊ द्या. १८५५ साली जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली मुक्ता नावाची मांग समाजातली मुलगी महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिते आणि तो 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून येतो. हे 'ज्ञानोदय' सुरू झालं १८४२ मध्ये, नगरलाच. एका शाळकरी पोरीनं आपल्या लोकांच्या वतीनं थेट शिकलेल्या समाजाला जाब विचारला. सव्वाशेहून जास्त वर्षांनी दुसऱ्या मुक्ताबाईंनी डॉक्टरांच्या परिषदेला तेच केलं. दोघींचा एकमेकींशी संबंध जोडण्याचा माझा हेतू नाही. एवढंच, की ज्यांच्याविषयी नेहमी दुसरेच बोलतात, ते स्वतः बोलायला उभे राहिले की सभेचा नूर पालटतो, हे आपल्याकडे नवं नाही.

आता उलट बाजू. बरं सांगितलं नाही तर काय होतं, याचा मोठा दाखला अमेरिकेतच आहे. कोलंबिया अवकाशयानाचा अपघात आपल्याला कल्पना चावलामुळे आठवतो. १ फेब्रुवारी २००३. सात जण गेले. उड्डाण होताना, १६ जानेवारीला, इंधनटाकीवरच्या फोमचा तुकडा सुटून यानाच्या डाव्या पंखावर आदळला होता. यान अवकाशात असतानाच अभियंत्यांनी धोक्याचा अंदाज घेऊन अधिकाऱ्यांपुढे सादरीकरण केलं. त्यातली एक स्लाइड पुढे फार गाजली. तिचं शीर्षक वाचून एकंदर दिलासा वाटावा. खाली ठिपक्यांखाली ठिपके, त्यांखाली आणखी बारीक ठिपके. आणि अगदी तळाशी, लहान अक्षरात, खरी गोष्ट: आदळलेला तुकडा १९२० घनइंचांचा, आणि ज्या चाचण्यांवर अंदाज बांधला त्यांतला तुकडा ३ घनइंचांचा. भागाकार करा. सहाशे चाळीस पट. 'आपण जे तपासलं त्याच्या सहाशे चाळीस पट मोठी वस्तू पंखावर आदळली आहे, पुढे काय होईल ते आम्हाला माहीत नाही', हे एक वाक्य कुणीतरी उभं राहून बोलायला हवं होतं. चौकशी मंडळानं आपल्या अहवालात तांत्रिक अहवालांची जागा स्लाइडनी घेतल्याबद्दल नाराजी नोंदवली. पण मला त्यात यंत्राचा दोष कमी दिसतो. त्या स्लाइडवर 'आम्ही' कुठेच नव्हतं. वाक्याला कर्ता नव्हता, म्हणून भीतीही कुणाची नव्हती. आपल्या सरकारी अहवालात 'असे निदर्शनास आले आहे' असं लिहितात, त्याच जातीची ही भाषा. निदर्शनास कुणाच्या आलं? ज्याच्या आलं त्याचं नाव लागलं की तो वाक्य जपून लिहितो. आणि धोका असेल तर मोठ्या अक्षरात लिहितो.

आता तुम्ही म्हणाल, हे ठीक, पण गोष्टी फसवतातही. अगदी खरं आहे. २००७ साली अमेरिकेत डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टाइन आणि पॉल स्लोव्हिक यांनी एका अभ्यासाचे निष्कर्ष छापले. लोकांना आफ्रिकेतल्या उपासमारीसाठी पैसे द्यायला सांगितलं. काहींना लाखो लोकांचे आकडे दिले, काहींना मालीमधल्या रोकिया नावाच्या सात वर्षांच्या मुलीचं वर्णन दिलं. रोकियाला सरासरी २.३८ डॉलर मिळाले, आकड्यांना १.१४. इथवर कुणालाही अपेक्षित होतं. गंमत पुढे आहे. तिसऱ्या गटाला रोकियाही दिली आणि आकडेही दिले. देणगी वाढायची सोडून १.४३ वर आली. आकडा शेजारी येताच लोकांनी हात आखडता घेतला.

यावरून माझे काही व्यवसायबंधू सल्ला देतात, की आकडे वगळा. मला हा सल्ला धोक्याचा वाटतो. देणगी गोळा करणं आणि गावाचं आरोग्य सुधारणं ही दोन वेगळी कामं आहेत. एका रोकियावर पैसा ओतून बाकी गाव उपाशी ठेवण्याला जामखेडचा प्रकल्प तयार झाला नसता. त्यांनी मोजलं. प्रकल्प सुरू झाला त्या काळात, १९७१च्या आकड्यांनुसार, इथल्या गावांत जन्मलेल्या दर हजार बाळांमागे १७६ बाळं वर्षाची व्हायच्या आत जात होती. नव्वदच्या दशकात हा आकडा तीसच्या खाली आला. हे मोजलं नसतं तर १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेनं केनेथ नेवेल यांच्या संपादनाखाली लोकांनी चालवलेल्या आरोग्यसेवांवर पुस्तक काढलं, त्यात जामखेडवर प्रकरण आलं नसतं. १९७८च्या आल्मा-आता परिषदेत प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा झाला, त्यामागच्या चर्चेत जामखेडचं नाव घेतलं गेलं नसतं. १९७९चा मॅगसेसे पुरस्कार आरोळे दांपत्याला मिळाला, त्यामागे नुसत्या हृद्य कथा नव्हत्या.

मग आकडा सांगायचा कसा? झुंबरासारखाच, जागेवरचा करून. १७६ म्हणजे साधारण सहातलं एक. तुम्ही बसलात त्या रांगांकडे बघा, एका रांगेत बारा खुर्च्या आहेत. त्या काळात ही बारा बाळं असती तर त्यातली दोन पहिल्या वाढदिवसाला नसती. इथं साठी-सत्तरीच्या पुढच्या बायका बसल्या आहेत, त्यांना हे गणित मी समजावून सांगायची गरज नाही. त्यांनी ते भोगलेलं आहे. मघाचच्या अमेरिकन प्रयोगातल्या वाचकाला तो आकडा परका होता, म्हणून त्यानं हात आखडता घेतला. इथं तो आकडा घरचा आहे. आकड्याला श्रोत्याच्या घरी नेऊन पोचवणं, हे वक्त्याचं काम.

आणखी एक जागा आहे जिथं मला कठोर बोलावं लागणार आहे, आणि ती जागा माझ्याच धंद्यातली आहे. संस्थांचे वार्षिक अहवाल, कंपन्यांच्या सामाजिक कामांचे व्हिडिओ, बँकांच्या बचतगट मेळाव्यांतली भाषणं काढून पाहा. प्रत्येकात एक बाई असते. ती आधी रडत असते, मग कर्ज मिळतं, मग ती शिलाई मशीनशेजारी हसत उभी असते. फोटोत नाव, गाव, नवऱ्याचं व्यसन, सगळं छापलेलं. तिला विचारलं होतं का? विचारलं असेल तर कर्ज द्यायच्या आधी की नंतर? कर्ज देणाऱ्याला नाही म्हणणं सोपं नसतं. आणि त्याच गटातल्या ज्या तिघींचे हप्ते थकले, शेळ्या मेल्या, त्यांची गोष्ट कुठे आहे?

म्हणून माझ्या वर्गात मी एकच अट घालतो. जिची गोष्ट सांगणार, ती पहिल्या रांगेत बसली आहे असं समजा. तिच्यादेखत जे सांगणार नाही, ते तिच्या माघारीही सांगू नका. या अटीनं निम्म्या गोष्टी गळतात, आणि ज्या उरतात त्यांचा सूर बदलतो. 'बिचारी' हा शब्द आपोआप जातो. तिनं काय केलं, कुठला निर्णय घेतला, हे वर येतं. डॉक्टर मंडळींना ही अट अवघड जाते हे मला ठाऊक आहे, कारण त्यांच्या परिषदांतले रुग्ण सभागृहात कधीच नसतात. पण केस सांगताना रुग्णाचा चेहरा झाकून त्याचं बोलणं ठेवता येतं. आपल्याकडे बहुधा उलटं होतं, चेहरा दाखवतात आणि बोलणं कापतात.

जामखेडच्या गोलात ही अट घालावी लागत नव्हती, कारण गोष्टीतली माणसं खरोखरच आसपास होती. आपण मोठ्या हॉलमध्ये, मोठ्या पडद्याकडे सरकलो तसा तो धाक गेला. तो मुद्दाम परत आणावा लागेल, आणि त्यासाठी मला एक व्यवहार्य गोष्ट सुचवायची आहे. या सभेत आशाताई बऱ्याच संख्येनं आल्या आहेत, आरोग्य खात्याचे अधिकारीही आहेत. आशा योजना २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आली. गावातलीच बाई गावाच्या आरोग्याचं काम बघेल, ही कल्पना इथं त्याआधी तीन दशकं राबवली जात होती. पण आज प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या मासिक बैठकीत काय होतं? अधिकारी पडद्यावर तक्ते दाखवतात, आशाताई वहीत उतरवून घेतात, लाइट गेली की बैठक संपते. महिन्यातली एक बैठक उलटी करून बघा. प्रोजेक्टर बंद. खुर्च्या गोलात. एका आशाताईनं आपल्या वस्तीतला एक अडलेला प्रश्न मांडायचा: लस नाकारणारं एखादं घर, रक्त कमी असलेली एखादी गरोदर मुलगी, क्षयाच्या गोळ्या मध्येच सोडलेला एखादा ऊसतोड मजूर. त्यातला आकडा सांगायचा, प्रसंग सांगायचा, स्वतः काय केलं आणि कुठे अडलं ते सांगायचं. नाव सांगायचं नाही. वस्तीतल्या दोन-तीन बायकांना मुद्दाम बोलवून बसवायचं आणि त्यांना एकच अधिकार द्यायचा, मध्येच थांबवून 'असं नव्हतं' म्हणण्याचा. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी त्या दिवशी फक्त शेवटी बोलायचं. साहेब, दहा मिनिटांपेक्षा जास्त नको, हे मी आपुलकीनं सांगतो.

हेच शेतकरी गटाच्या सभेत करता येईल, शाळेच्या पालकसभेत करता येईल. कृषी सहायकानं मातीपरीक्षणाचा तक्ता दाखवण्याआधी त्याच गावच्या दोन शेतांतली माती दोन ताटांत घालून आणावी आणि ज्यांची ती शेतं आहेत, त्यांनाच आधी बोलू द्यावं. तक्ता नंतर आला तरी लोक तो वाचतील, कारण तोवर तो त्यांच्या शेताचा झालेला असेल.

स्मृती व्याख्यानात वक्त्यानं वेळ पाळावी, हा संकेत आहे आणि माझी वेळ संपत आलीय. प्रश्न घेतो. फक्त पहिला प्रश्न मागच्या रांगांमधून येऊ द्या. पुढच्या रांगेतली मंडळी नंतर चहाला भेटणारच आहेत.